पाऊण मीटर नळी: बडोद्यातल्या एका ड्रमचं प्रकरण

ऑक्टोबर २०२५, दिवाळीच्या आधीचा आठवडा. बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीत आमचा सिरप बनवणारा छोटा कारखाना आहे आणि तिथला गुणवत्ता विभाग मी सांभाळते. त्या आठवड्यात सिरपमध्ये औषध विरघळवायला लागणाऱ्या प्रॉपिलीन ग्लायकॉल ह्या द्रवाचे चार ड्रम आमच्याकडे उतरले होते, प्रत्येकी २१५ किलोचे. सील शाबूत, लेबलवर 'आयपी' (म्हणजे इंडियन फार्माकोपियाच्या प्रतीचा), सोबत सीओए, म्हणजे तपासणीचा दाखला. चारही ड्रममधून नमुना काढून बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला होता, त्याचा रिपोर्ट आला: डायएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे मूत्रपिंडं मारणारं विष, ०.०७ टक्के. फार्माकोपिया ह्या औषधांच्या मानकग्रंथाची मर्यादा ०.१० टक्के. म्हणजे पास.

मी सहीसाठी पेन उचललं होतं. आमच्याकडे जून महिन्यात लागलेली, एम.एस. युनिव्हर्सिटीतून नुकतीच बाहेर पडलेली केमिस्ट मुलगी टेबलापाशी उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, गेल्या दोन वर्षांच्या सगळ्या रिपोर्टांत 'आढळलं नाही' असंच लिहिलंय. मग हे ०.०७ आलं कुठून?"

मी पेन खाली ठेवलं. त्या एका प्रश्नामुळे हे प्रकरण घडलं, त्याचं श्रेय तिचंच आहे.

ते दिवस कोणते होते हेही सांगायला हवं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याचं औषध पिऊन वीसहून अधिक लहान मुलं गेली होती. तमिळनाडूत बनलेल्या त्या सिरपमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. पाठोपाठ जागतिक आरोग्य संघटनेनं तीन सिरपांविषयी इशारा दिला, त्यातली दोन गुजरातमध्ये बनलेली. आमच्या वसाहतीत चहाच्या टपरीवरसुद्धा दुसरा विषय नव्हता. प्रयोगशाळांमध्ये नमुन्यांची रांग लागली होती. आमचे शेठ रोज विचारायचे, "बेन, माल कधी सोडता?" दिवाळीआधी गाडी निघाली नाही तर पंधरा दिवस लोंबणार, ही त्यांची काळजी खोटी नव्हती.

एकच द्रव, तीन दुकानं

प्रॉपिलीन ग्लायकॉल हा रंगहीन, किंचित गोडसर, काकवीपेक्षा बराच पातळ असा द्रव. बाजारात त्याला एमपीजी म्हणतात. पॅरासिटामॉल पाण्यात नीट विरघळत नाही, ते सिरपमध्ये विरघळवून ठेवायला हा द्रव लागतो. डायझेपाम, फेनिटोइन अशा इंजेक्शनांमध्ये तर त्याचं प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत असतं. लोशन-क्रीममध्ये तो त्वचेचा ओलावा धरून ठेवतो. आणि गोठ्यात तो चक्क औषध म्हणून पाजतात. व्यालेल्या गाईम्हशीला दूध सुटतं, पण तेवढ्या दुधाला लागणारी ऊर्जा खाण्यातून मिळत नाही. अंगातली चरबी जळू लागते, रक्तात कीटोन साठतात, जनावर खाणं टाकतं, दूध आटतं, श्वासाला गोडसर वास येतो. हा केटोसिस. अशा जनावराला रोज साधारण ३०० मिली प्रॉपिलीन ग्लायकॉल तोंडावाटे तीन ते पाच दिवस देतात आणि यकृतात त्याची साखर बनते. (मांजरांना मात्र तो चालत नाही, त्यांच्या लाल रक्तपेशी बिघडतात. अमेरिकेत १९९६ पासून मांजरांच्या खाण्यात त्याला बंदी आहे.)

औषध, सौंदर्यप्रसाधन आणि गोठा ही तीन दुकानं वेगळी आहेत. त्यांची लेबलं वेगळी, तपासणारे लोकही वेगळे. द्रव एकच, आणि आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांपर्यंत तो पुष्कळदा एकाच व्यापाऱ्याच्या गोदामातून येतो. मोठ्या उत्पादकाकडून टँकरनं माल येतो, व्यापारी तो टाकीत घेतो आणि ड्रममध्ये, कॅनमध्ये भरून विकतो. ह्याला 'रिपॅक' म्हणतात.

आता डायएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे डीईजी. दिसायला तसाच, चवीला तसाच गोड. रेझिनमध्ये, ब्रेक ऑइलमध्ये, शाईत त्याचा रास्त उपयोग आहे. पोटात गेला की यकृत त्याचं डायग्लायकोलिक आम्ल बनवतं, ते मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांच्या पेशींत साठतं आणि त्या मरतात. आधी उलट्या, पोटदुखी, मग लघवी थांबते. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइडचं औषध डीईजीत विरघळवून विकलं आणि शंभरावर माणसं मेली. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच निघालं, चौदा रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. १९९८ साली गुडगावात ३३ मुलं गेली. २०२२ साली गाम्बियात जवळपास सत्तर.

एक मुद्दा मी नव्या केमिस्टांना पहिल्याच आठवड्यात शिकवते, कारण पुष्कळ अनुभवी माणसंही इथे गफलत करतात. प्रॉपिलीन ऑक्साइडवर पाण्याची क्रिया करून प्रॉपिलीन ग्लायकॉल बनतं. त्या क्रियेत सोबत बनतात ते डायप्रॉपिलीन आणि ट्रायप्रॉपिलीन ग्लायकॉल. डायएथिलीन ग्लायकॉल तिथे बनतच नाही, ते एथिलीन ऑक्साइडच्या कारखान्यातलं. त्यामुळे प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या ड्रममध्ये डीईजीचा मागमूसही लागला, तर ते वाटेत कुठेतरी शिरलेलं असतं: टँकरमध्ये, टाकीत, ड्रममध्ये किंवा कुणाच्या तरी हातून. ०.०७ टक्के हा आकडा मर्यादेच्या आत होता खरा, पण तो ह्या द्रवाचा स्वतःचा नव्हता. तो पाहुणा होता.

माझी चूक

मुलीनं रिपोर्ट पुन्हा वाचला आणि दुसरा प्रश्न विचारला, "हे ०.०७ कुठल्या ड्रमचं?"

ह्या प्रश्नावर मला घाम फुटला. आमच्या कार्यपद्धतीत लिहिलं होतं: ओळख-चाचणी (आतला द्रव प्रॉपिलीन ग्लायकॉलच आहे ना, एवढं पाहणारी) प्रत्येक ड्रमची वेगळी, पण डीईजीची चाचणी एकत्र नमुन्यावर. चारही ड्रममधून ५०-५० मिली काढायचं, एका बाटलीत मिसळायचं आणि एकच चाचणी करायची. बाहेरच्या प्रयोगशाळेचं बिल चौपट होऊ नये म्हणून ही सोय. कागदाच्या तळाशी सही माझी, सहा वर्षांपूर्वीची.

हिशोब साधा आहे. तीन ड्रम स्वच्छ असतील आणि सगळं डीईजी एकाच ड्रममध्ये असेल, तर मिश्रणात ते चौथ्या हिश्श्यानं दिसतं. ०.०७ दिसलं म्हणजे त्या एका ड्रममध्ये ०.२८ असू शकतं, मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. सिरपची बॅच बनवताना आम्ही चार ड्रम एकत्र करत नाही, एक ड्रम संपला की दुसरा उघडतो. ज्या मिश्रणाची चाचणी केली ते मिश्रण त्या बाटलीबाहेर कुठे नव्हतंच.

ओळख-चाचणीत हे का दिसलं नाही, असं शेठनी विचारलं. इन्फ्रारेड आलेखात अर्ध्या टक्क्याखालची भेसळ दिसत नाही. घनतेनंही काम भागत नाही. शुद्ध प्रॉपिलीन ग्लायकॉलची घनता १.०३६ च्या आसपास, डीईजीची १.११८. ०.२८ टक्क्यांनी घनता सरकते ती चौथ्या दशांश स्थळावर, आमच्या हायड्रोमीटरला ती कळणारच नाही. त्यासाठी मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी गॅस क्रोमॅटोग्राफीच हवी, आणि ते यंत्र आमच्याकडे नाही.

शेठ म्हणाले, "रिपोर्ट पास आहे. तुम्ही अडवलंत तर उद्या कुणी विचारलं, पास माल का अडवला, तर काय सांगू?" मी म्हटलं, "सांगा की मॅडमनी अडवला." ते बराच वेळ गप्प बसले. मग स्वतःच स्टोअरमध्ये जाऊन चारही ड्रमना लाल पट्टी लावून आले. ह्या माणसाविषयी माझ्या मनात आदर आहे तो अशा प्रसंगांमुळे.

दुसऱ्या दिवशी आम्ही चार नमुने वेगवेगळे काढले. काढण्यापूर्वी प्रत्येक ड्रम आडवा पाडून चांगला लोळवला. दोन्ही द्रव एकमेकांत पूर्ण मिसळतात, पण दोन्ही दाट आहेत आणि डीईजी जड. आधी तळाशी पडलेलं डीईजी वरून द्रव ओतला म्हणून लगेच एकजीव होत नाही. पहिल्या वेळी आमच्या केमिस्ट मुलीनं लांब काचेची नळी तळापर्यंत बुडवून पूर्ण उंचीचा नमुना घेतला होता म्हणून ०.०७ तरी दिसलं. वरच्या वर चमचा बुडवला असता तर कदाचित 'आढळलं नाही' असाच रिपोर्ट आला असता आणि आज मी हे लिहीत नसते.

बाटल्या घेऊन मी स्वतः प्रयोगशाळेत गेले. दोन दिवसांनी संध्याकाळी फोन आला. ड्रम १, २, ३: आढळलं नाही. ड्रम ४: ०.२८ टक्के.

गोदामात

व्यापाऱ्याला मी अठरा वर्षं ओळखते. दांडिया बाजारात आमच्या वाड्यापासून चार घरं सोडून त्यांचं जुनं घर. मी त्यांना काका म्हणते. त्यांनी मुद्दाम काही मिसळलं असेल असं मला एक क्षणही वाटलं नाही, आणि नेमकं म्हणूनच आजवर मी त्यांचं गोदाम कधी आतून पाहिलं नव्हतं. 'मान्यताप्राप्त पुरवठादार' ह्या यादीत त्यांचं नाव होतं, समोर माझी सही होती, आणि पाहणीच्या रकान्यात 'कागदपत्रांवरून' असं लिहिलं होतं.

गोदाम स्वच्छ होतं. टाक्यांवर नावं होती. एमपीजीची टाकी वेगळी, डीईजीची वेगळी. मात्र पंप एकच होता आणि त्याला जोडलेली दोन इंची नळीही एकच.

काका म्हणाले, "अगं, मधे नळी निथळून घेतात की." त्यांनी ज्याला हाक मारली तो पंप चालवणारा दाहोदकडचा तरुण होता. त्यानं काही लपवलं नाही. त्या दिवशी सकाळी त्यानं एका रेझिनवाल्यासाठी डीईजी भरलं, मग नळी वर धरून निथळवली, आणि दुपारी एमपीजी भरायला घेतलं. आधी दोन कॅन, पस्तीस-पस्तीस लिटरचे. मग सात ड्रम. त्यातले चार आमचे.

मी विचारलं, "पहिला ड्रम कोणाचा?" तो म्हणाला, "तुमचाच. पहिला भरला तो टेंपोत सगळ्यात आत ढकलला." सगळ्यात आत गेला तो उतरताना सगळ्यात शेवटी उतरला, आणि आमच्या दारात त्याला क्रमांक मिळाला चार.

मी तिथेच वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. २१५ किलोचे ०.२८ टक्के म्हणजे ६०० ग्रॅम, अर्ध्या लिटरहून थोडं जास्त. दोन इंची नळीत दर मीटरला दोन लिटर द्रव मावतो. म्हणजे आमच्या ड्रममध्ये नळीतलं जेमतेम एक फूट डीईजी आलं होतं. पण नळी रिकामी होताना सुरुवातीचा लोट सगळ्यात गढूळ असतो, शेपूट पातळ. आमच्याकडे आली ती शेपूट. आमच्या आधी दोन कॅन भरले होते.

"काका, ते कॅन कुठे गेले?"

काकांचा चेहरा उतरला. त्यांना रसायन कळतं. म्हणाले, "गुरांच्या औषधवाल्याकडे."

उरलेले तीन ड्रम एका लोशन बनवणाऱ्या वहिनींकडे गेले होते, त्यांचं थोडक्यात सांगते. त्यांनी एका शब्दानं वाद न घालता हिवाळ्याच्या लोशनची पूर्ण बॅच थांबवली आणि तिन्ही ड्रमचे नमुने दिले. तिन्ही स्वच्छ निघाले. वहिनी मला म्हणाल्या, "तू फोन केला नसतास तर मला डीईजी हे नावसुद्धा माहीत नव्हतं गं. मी तर आयपी लिहिलेलं पाहून घेते." लहान बाळांच्या अंगाला लावायचं लोशन होतं ते.

बाटल्या

ज्याच्याकडे कॅन गेले तो छोटा माणूस, वाघोडिया रस्त्याला एक शेड. एमपीजी एक-एक लिटरच्या बाटल्यांत भरतो, त्यात थोडा रंग घालतो आणि पशुखाद्याच्या दुकानांना देतो. बाटलीवर कुठल्या रोगाचं नाव नाही, 'ऊर्जापूरक' एवढंच. १९४० च्या औषध कायद्यात जनावरांची औषधंही येतात, पण रोगाचं नाव न घेता खाद्य म्हणून विकलं की ती बाटली औषध म्हणून कुणासमोर येतच नाही.

त्यानं पहिल्या कॅनची शिल्लक बाटली दिली, दुसऱ्या कॅनचीही दिली. रिपोर्ट आला: पहिला कॅन २.१ टक्के, दुसरा १.२.

दोन्ही कॅन आणि आमचा ड्रम मिळून पावणेदोन किलोंच्या वर डीईजी होतं, साधारण १.६ लिटर. नळीचं माप लावलं तर पाऊण मीटरच्या किंचित वर. निथळवूनही एवढं पंपाच्या पोटात आणि नळीच्या वळणात राहिलं होतं.

ह्या आकड्यांचा अर्थ प्रामाणिकपणे सांगायला हवा, कारण भीती पसरवून काही साधत नाही. आमच्या सिरपमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल १० टक्के असतं. चौथा ड्रम वापरला गेला असता तर दिवसाला १५ मिली सिरप घेणाऱ्या मुलाच्या पोटात सुमारे ४ मिलिग्रॅम डीईजी गेलं असतं. छिंदवाड्याच्या त्या सिरपच्या १५ मिलीत ७ ग्रॅमहून जास्त होतं, म्हणजे सतराशे पट. आमच्या सिरपनं कुणी मूल दगावलं नसतं असं मी मानते. गोठ्यात मात्र हा द्रव पातळ न करता तसाच पाजतात. पहिल्या कॅनमधल्या बाटलीतले ३०० मिली म्हणजे दिवसाला साडेसहा ग्रॅम डीईजी, आणि असे चार दिवस. चारशे किलोच्या म्हशीला ते पचून जाईलही. पण आकडा छिंदवाड्याच्या जवळ गेला तो इथे, जिथे चाचणी अजिबात नव्हती. सिरपमध्ये दहा टक्के घालतो म्हणून आम्ही तपासतो. बाटलीत शंभर टक्के असतं तिथे कुणी हायड्रोमीटरसुद्धा बुडवत नाही, आणि २.१ टक्क्यांना तो काळजीपूर्वक वाचला असता तर फरक दिसला असता.

आम्ही औषध निरीक्षकांना लेखी कळवलं. पत्रावर शेठनी आणि काकांनी दोघांनी सह्या केल्या. काकांचा मुलगा नको म्हणत होता. काका त्याला म्हणाले, "आपल्या हातून गेलंय ते आपणच सांगायचं." पुढच्या आठवड्यात त्यांनी डीईजीसाठी वेगळा पंप आणि लाल नळी घेतली, एमपीजीची नळी निळी, आणि जोडणीची तोंडंच वेगवेगळ्या मापाची करून घेतली, म्हणजे घाईत कुणी चुकून लावायला गेलं तरी ती बसणारच नाही. वेगळ्या मापाची तोंडं ही कल्पना त्या दाहोदच्या मुलाची.

आमच्याकडे एकत्र नमुना बंद झाला. प्रत्येक ड्रम लोळवायचा, तळापर्यंत नळी घालायची, प्रत्येकाची डीईजी चाचणी वेगळी. बिल चौपट होतं म्हणून आम्ही आधी पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीनं घरीच गाळणी लावतो: सिलिकाची पट्टी, पोटॅशियम परमँगनेटचा फवारा, शेजारी मर्यादेएवढ्या डीईजीचा ठिपका. शंका आली तर तो ड्रम बाहेर जातो, नाही आली तरी अंतिम रिपोर्ट गॅस क्रोमॅटोग्राफीचाच. आणि रिपोर्टात आकडा दिसला, मग तो मर्यादेत का असेना, तर तो आला कुठून हे लिहिल्याशिवाय मी सही करत नाही.

बाटल्यांचं काम दिवाळीनंतरही चाललं. दोन कॅनच्या मिळून सत्तर बाटल्या. एक्केचाळीस शेडमध्येच होत्या, पंधरा दुकानांतून परत आल्या. बाकी चौदा पाद्रा आणि डभोई भागातल्या गोठ्यांत गेलेल्या. काका आणि मी दोन रविवार गाडी घेऊन फिरलो. बाराचा पत्ता लागला: सात न उघडलेल्या, पाच वापरलेल्या. दोन म्हशींचं रक्त पशुवैद्यकांनी तपासलं, मूत्रपिंडांची तब्येत सांगणारं क्रिएटिनिन ठीक होतं. एका गोठ्यातली म्हैस बाटली दिल्यावर तिसऱ्या दिवशी मेली होती. ती आधीच चार दिवस उपाशी होती, केटोसिसनं गेली की कशानं हे आता सांगता येणार नाही. मालकिणीनं रिकामी बाटली धुऊन त्यात रॉकेल भरून ठेवलं होतं. काकांनी तिला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. ती ऐकून घेत राहिली आणि मग विचारलं, "माझ्या वासरानं तिचं दूध प्यायलं, त्याला काही होईल का?" वासरू समोर उड्या मारत होतं. त्याचंही रक्त घेतलं, ठीक आलं.

दोन बाटल्या अजून सापडलेल्या नाहीत. पाद्र्याच्या दुकानदाराकडे माझा नंबर आहे, आणि मी महिन्यातून एकदा त्याला फोन करते.